शार्डेड मोंगोडीबीचा स्नॅपशॉट-बॅकअप: एक खुलासा

मोंगोडीबी या डेटाबेसबाबत ‘प्रत्येक सर्व्हरच्या व्हॉल्यूमचा (साठवण-डिस्कचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतला की संपूर्ण मोंगोडीबी क्लस्टरचा (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरसमूहाचा) बॅकअप झाला’ असा दावा सध्या फिरत आहे. एकाच सर्व्हरपुरता तो बहुतांशी खरा आहे: डेटा आणि जर्नल (बदलांची क्रमवार नोंद) एकाच व्हॉल्यूमवर असतील, तर पुन्हा सुरू होताना वायर्डटायगर (मोंगोडीबीचे डेटा साठवणारे इंजिन) शेवटच्या चेकपॉइंटपासून (डिस्कवर पूर्ण लिहिलेल्या सुसंगत स्थितीपासून) जर्नल वाचून डेटा सुसंगत स्थितीत आणते. जर्नल वेगळ्या व्हॉल्यूमवर असल्यास मात्र आधी लेखन थांबवून मगच दोन्हींचे स्नॅपशॉट घेणे हा खात्रीचा मार्ग आहे.

शार्डेड क्लस्टरला, म्हणजे डेटा अनेक भागांत (शार्डांत) विभागून ठेवणाऱ्या क्लस्टरला, हा दावा लागू होत नाही. तेथे प्रत्येक शार्डचा स्नॅपशॉट थोड्या वेगळ्या क्षणी घेतला जातो आणि त्याच दरम्यान बॅलन्सर (शार्डांमध्ये डेटा समतोल वाटणारी प्रक्रिया) एखादा चंक (डेटाचा तुकडा) एका शार्डवरून दुसऱ्यावर हलवत असेल, तर रिस्टोर केल्यावर त्यातील नोंदी दोनदा दिसू शकतात किंवा अजिबात सापडत नाहीत. अनेक शार्डांवर पसरलेल्या ट्रान्झॅक्शनचा (एकत्रच पूर्ण व्हायला हव्यात अशा बदलांच्या गटाचा) एक भाग बॅकअपमध्ये येऊन दुसरा बाहेर राहण्याचा धोका तर याहून गंभीर आहे, कारण अशा वेळी कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही आणि हिशेब मात्र चुकतो.

त्यामुळे आधी बॅलन्सर थांबवावा, चालू स्थलांतर पूर्ण होऊ द्यावे, मोंगोएसवरून (विनंत्या योग्य शार्डकडे पाठवणाऱ्या प्रोग्रामवरून) संपूर्ण क्लस्टरचे लेखन रोखावे (7.1 आवृत्तीपासून, तसेच 5.0.22, 6.0.11 व 7.0.2 पासून त्या त्या मालिकेत ही सोय आहे) आणि त्यानंतरच सर्व शार्डांचे व कॉन्फिग सर्व्हरचे स्नॅपशॉट घ्यावेत. कॉन्फिग सर्व्हर अनेकदा विसरला जातो. कोणता डेटा कोणत्या शार्डवर आहे याची नोंद त्याच्याकडेच असते.