आधी पेटीत हात घालून बघा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खुराड्याबाहेर अंडी घालणारी कोंबडी बिघडलेली असते आणि ती बाकीच्यांनाही बिघडवते. कोंबडा ठेवा, दुपारपर्यंत दार उघडू नका, तरी सुधारली नाही तर कापा. आणि बाहेर सापडलेलं अंडं खाऊ नका, ते विषारी असतं.

आम्ही गोराईत राहतो, दारात नऊ कोंबड्या आहेत. कापायचा सल्ला ऐकला असता तर पावसाळ्यात नऊच्या नऊ गेल्या असत्या.

‘बिघडलेली’ या शब्दापासूनच सुरुवात करतो. आमच्या काळीने ओट्यावरच्या जुन्या जाळ्याच्या ढिगात अंडी घालायला सुरुवात केली. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. मी वैतागलो. आई म्हणाली, “तिला काय बोलतोस? पेटीत हात घालून बघ.” रात्री टॉर्च घेऊन बघितलं. खुराड्यात अंडी घालायला ठेवलेली पेटी हापूसची, लाकडी. पत्र्यातून गळून पेंढा ओलसर झालेला, आणि फळ्यांच्या फटींतून बारीक लाल ठिपके चालत बाहेर येत होते. हात काढला तर मनगटापर्यंत खाज! हे किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. जाळ्याचा ढीग मात्र कोरडा, अंधारा, तीन बाजूंनी बंद. अंडं घालताना कोंबडीला हेच हवं असतं. आता सांगा, डोकं कोणाचं चाललं, तिचं की माझं?

पेटीवर उकळतं पाणी ओतलं, उघडीप मिळाली तशी उन्हात वाळवली, कोरडा पेंढा भरला. शिवाय नऊ जणींना एकच पेटी होती; चार-पाच कोंबड्यांमागे एक लागते. बसायची दांडी पेटीपेक्षा खाली होती, म्हणून त्या पेटीतच झोपायच्या आणि घाण करायच्या. दांडी वर नेली.

सवय लागते, हे मात्र खरं. नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा जागा शोधत फिरते, आणि जिथे आधीच अंडं दिसतं तिथे बसते. म्हणून बाहेरचं अंडं लगेच उचला आणि पेटीत अंड्याएवढी गुळगुळीत गारगोटी ठेवा. खरं अंडं ठेवू नका. आपल्या उकाड्यात ते सडतं, आणि घुशीला आमंत्रण.

कोंबड्याचं म्हणाल तर अंड्यासाठी तो लागतच नाही. त्याच्याशिवायच्या अंड्यातून पिल्लू निघणार नाही, एवढंच. हां, कोंबडा कोपऱ्यात बसून कुरकुरत कोंबड्यांना जागा दाखवतो, पण ओली पेटी त्याने दाखवली म्हणून कोरडी होत नाही.

दुपारपर्यंत कोंडण्यात थोडं तथ्य आहे. बरीचशी अंडी सकाळीच पडतात, त्यामुळे तीन-चार दिवस सकाळी उशिरा सोडलं तर पेटीची ओळख होते. पण एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते आणि एखादी दुपारीच घालते. आणि मे महिन्यात पत्र्याखाली बारापर्यंत? कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकते. त्यात मरेल.

राहिलं विषारी अंडं. जागेमुळे अंडं विषारी होत नाही. तडकलेलं किंवा विष्ठेने माखलेलं टाका. थोडी माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. धुऊन ठेवलं तर कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं. किती दिवसांचं ते कळत नसेल तर पाण्यात सोडा. तरंगलं तर जुनं, बुडालं तरी वेगळ्या वाटीत फोडून बघा, कारण कोंबडा असेल तर उकाड्यात पडून राहिलेल्या अंड्यात पिल्लाची वाढ सुरू झालेली असू शकते.

काळी आता पेटीत बसते. परवा पाऊस तिरपा आला, पेंढा भिजला आणि अंडं पुन्हा जाळ्यात मिळालं. मी पत्रा बघायला शिडी लावली.