बंड न केलेली वसाहत

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की तेरा वसाहती, बोस्टनचा चहा, १७७६ आणि वॉशिंग्टन, इतकं आपल्याला पाठ असतं. पण त्याच किनाऱ्यावर, जॉर्जियाच्या दक्षिणेला, इंग्रजांची पूर्व फ्लोरिडा नावाची आणखी एक वसाहत होती. तिने बंड केलं नाही, म्हणून ती इतिहासातून जवळजवळ गळूनच गेली. माझं मत स्पष्ट आहे: ती क्रांती खरंच समजून घ्यायची असेल तर ही वसाहत वाचायलाच हवी. राजनिष्ठा म्हणजे प्रत्यक्षात काय होतं आणि तिची किंमत कोणी मोजली, ते इथे उघडं पडतं.

१७६३ च्या तहात, इंग्रजांनी जिंकलेलं क्यूबातलं हवाना परत मिळावं म्हणून स्पेनने फ्लोरिडा इंग्रजांना देऊन टाकला. राजधानी सेंट ऑगस्टीनमधली जवळजवळ सगळी स्पॅनिश वस्ती क्यूबाला निघून गेली. शहराच्या उत्तरेला फोर्ट मोझे होतं. इंग्रजांच्या मळ्यांतून पळून आलेल्या कृष्णवर्णीय गुलामांना स्पेनने मुक्त करून १७३८ मध्ये तिथे वसवलं होतं. ती माणसंही गेली. इंग्रज येणार म्हणजे काय होणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मग लंडनच्या बड्या असामींना हजारो एकर जमिनी वाटल्या गेल्या. अँड्र्यू टर्नबुल या स्कॉटिश डॉक्टरने १७६८ मध्ये भूमध्य समुद्रातलं मिनोर्का बेट, इटली आणि ग्रीस इथून सुमारे १,४०० माणसं करारावर आणली आणि न्यू स्मर्ना वसवलं. पीक कोणतं, तर नीळ. दलदल, डास, अपुरं अन्न आणि वर मुकादमाचा मार. पहिल्याच उन्हाळ्यात काहींनी जहाज ताब्यात घेऊन पळायचा प्रयत्न केला, तो फसला. पाच जणांना मृत्युदंड झाला. त्यातल्या एकाचा गुन्हा होता गाय मारल्याचा. गव्हर्नर ग्रँटने दोघांना माफी दिली आणि या तिसऱ्याला जीवदान दिलं ते एका अटीवर: उरलेल्या दोघांना त्यानेच स्वतःच्या हाताने मारायचं. तो आधी तयार नव्हता. शेवटी त्या दोघांनीच त्याला समजावलं. हे वाचून मी पुढे बराच वेळ काही वाचू शकलो नाही.

नऊ वर्षांत आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं मेली. १७७७ मध्ये उरलेले सगळे उठून शंभरहून अधिक किलोमीटर चालत सेंट ऑगस्टीनला गेले आणि नवा गव्हर्नर टोनिन याच्याकडे त्यांनी आसरा मागितला. तो मिळाला. टोनिन आणि टर्नबुल यांचं हाडवैर होतं, तेही त्यांच्या पथ्यावर पडलं. अमेरिकेतल्या वसाहती गेल्यावर इंग्रजांनी निळीसाठी बंगालवर भर दिला. बिहार-बंगालच्या रयतेने पुढे काय भोगलं ते आपल्याला चंपारणपर्यंत माहीत आहे. न्यू स्मर्ना मात्र कोणाला माहीत नसतं.

आता क्रांती. १७७६ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची बातमी आली, तेव्हा सेंट ऑगस्टीनच्या चौकात लोकांनी क्रांतीचे पुढारी अॅडम्स आणि हॅनकॉक यांचे पुतळे जाळले. हे राजावरच्या प्रेमापोटी झालं असं मला वाटत नाही. वसाहतीचा खर्च लंडनची पार्लमेंट उचलत होती, संरक्षण गोऱ्या पलटणींच्या हाती होतं, निवडून आलेलं विधिमंडळ १७८१ पर्यंत नव्हतंच. बंड कोणाच्या जिवावर करायचं? शिवाय शेजारच्या जॉर्जियात क्रांतिकारकांशी पटलं नाही तर काय होतं, हे थॉमस ब्राऊनच्या अंगावर दिसत होतं. १७७५ मध्ये ऑगस्टा इथे जमावाने त्याला डांबर फासून पिसं चिकटवली आणि पाय असे भाजले की बोटं गेली. तोच पुढे फ्लोरिडाच्या घोडदळाचा नायक झाला. स्वातंत्र्याच्या नावाखाली हेही घडलं, आणि ते लिहायला इतिहासकारांनी कचरू नये.

अमेरिकनांनी १७७६, १७७७ आणि १७७८ अशा तीन स्वाऱ्या केल्या, तिन्ही फसल्या. १७७८ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी जॉर्जियातलं सव्हाना घेतलं. त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत तोच आपल्या वडगावला मराठ्यांनी कोंडलेल्या इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. त्या काळात इंग्रज किती ठिकाणी एकदम गुंतले होते, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

शेवट सगळ्यात संतापजनक आहे. युद्ध हरल्यावर सव्हाना आणि चार्ल्सटन सोडलेले राजनिष्ठ हजारोंनी इथे आले. चार-पाच हजारांची वस्ती बघता बघता सतरा हजारांच्या आसपास गेली. त्यांनी घरं बांधली, शेतं काढली. आणि १७८३ च्या तहात इंग्लंडने पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही फ्लोरिडा स्पेनला देऊन टाकले, जिब्राल्टर मात्र राखलं. निघायला मुदत अठरा महिन्यांची. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या क्रीक आणि सेमिनोल या मूळ रहिवाशांना कोणी विचारलंसुद्धा नाही. नव्या आलेल्यांत निम्म्याहून जास्त गुलाम होते. त्यातल्या बहुतेकांना मालकांनी बहामाकडे, डोमिनिकाकडे, जमैकाकडे सामानासारखं हलवलं. टोनिन १७८५ च्या नोव्हेंबरात सगळ्यात शेवटी गेला.

न्यू स्मर्नाहून चालत आलेले बहुतेक लोक मात्र हलले नाहीत. ते कॅथलिक होते, स्पेनचं राज्य त्यांना परकं नव्हतं, आणि ज्या साम्राज्याने त्यांना इथे आणलं होतं त्याच्यामागे आणखी कुठे जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांचे वंशज आजही सेंट ऑगस्टीनमध्ये राहतात.