हाडे दिसणाऱ्या कुत्र्याला तूप-गुळाचा काला: एक खुलासा

रस्त्यावरून आणलेल्या हडकुळ्या कुत्र्याला पहिल्या दिवसापासून तूप-गूळ घालून कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा काला पोटभर द्यावा, म्हणजे आठवड्यात तो भरतो, असा संदेश सध्या जळगाव-धुळ्याकडे फिरत आहे. हा सल्ला मायेचा असला तरी धोक्याचा आहे. दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न मिळाल्यास शरीरात इन्सुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम वेगाने पेशींत ओढले जाऊन हृदय बंद पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. शिवाय जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वेगळीच. १० किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत रोज सुमारे ४०० कॅलरी लागतात. अतिकृश कुत्र्याला पहिल्या दिवशी या गरजेच्या पाव हिश्शाएवढेच अन्न चार-सहा वेळांत विभागून द्यावे आणि पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काही दिवसांत हळूहळू वाढवावे. पाणी मात्र सतत समोर असावे. कांदा-लसणाचा रस्सा (आपल्याकडे त्यावाचून भाजी कसली!) भाकरीवर मुळीच ओतू नये, कारण त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. जंत किंवा गोचिडतापामुळेही कुत्रा वाळतो, म्हणून विष्ठा व रक्ताची तपासणी आधी करावी.