ते पाणी ओतून देऊ नका

महिनाभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या पालकांच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दूध-चीज न घालता एकाच भांड्यात क्रीमी पास्ता होतो, ही शुद्ध थाप आहे. पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते स्टार्चचं पाणी फेकलंच पाहिजे, नाहीतर लगदा होतो आणि पोटाला त्रास होतो. क्रीमशिवाय मलईदारपणा येत नाही. वीगन सामान, म्हणजे ज्यात दूध-अंड्यासारखं प्राण्यांकडून मिळणारं काहीच नसतं ते, परदेशी आणि महाग. आणि पास्ता म्हणजे शेवटी मैदाच, मुलांना असलं निकस अन्न देऊ नका.

माझ्या मुलाला दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. आमच्याकडे गेली चार वर्षं जवळजवळ दर आठवड्याला हाच पास्ता होतो, तोही एकाच पातेल्यात. नुकतंच असं निदान झालेल्या मुलाच्या आईने हा मेसेज खरा मानला, तर तिच्या हातचं एक सोपं जेवण उगाच जाईल. म्हणून हे लिहिते आहे.

आधी पाण्याचं बोलू, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हे इटलीतलं रूढ माप आहे. माप चांगलंच आहे, पण त्यावाचून पास्ता शिजत नाही असं नाही. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी २००९ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये याबद्दल लिहिलं होतं. साधारण अर्ध्या किलो पास्त्याला दीड-दोन लिटर पाणी, तेही गार पाण्यापासून सुरुवात करून, त्यांना पुरलं. खुद्द इटलीत, बारी शहरात, स्पगेटी अल्लासासिना नावाचा पदार्थ करतात. त्यात कच्ची स्पगेटी थेट लोखंडी तव्यात टाकतात आणि टोमॅटोचं पातळ पाणी पळीपळीने घालत शिजवतात. काबुली चण्यांचा ‘पास्ता ए चेची’ही अनेक घरांत एकाच भांड्यात होतो. थोडे चणे चेचून घातले की तो दाट होतो, त्यात क्रीम नसतं.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपण वरणफळं करतो, कुणी त्यांना चकोल्या म्हणतं. कणकेचे तुकडे उकळत्या वरणात सोडतो. ते वेगळे उकळून पाणी मोरीत ओतलेलं मी कोणाच्या घरी पाहिलेलं नाही. वरण दाटसर होतं त्यात त्या कणकेतून सुटलेल्या स्टार्चचा मोठा वाटा असतो. भाताची पेज तर आपण आजारी माणसाला मुद्दाम देतो, तेही स्टार्चचंच पाणी. मग पास्त्याचं पाणी तेवढं पोटाला वाईट कसं?

लगदा मात्र होऊ शकतो, हे मी मान्य करते. माझाही पहिल्यांदा झाला होता. पाणी न फेकल्यामुळे नव्हे, पाकिटामुळे. चांगला सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा असतो. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा. डुरमच्या प्रथिनांची जाळी पक्की असते, ती स्टार्च धरून ठेवते. मैद्याचा पास्ता लवकर मऊ पडतो आणि चिकटतो. इटलीत १९६७च्या कायद्याने सुका पास्ता डुरमचाच हवा असं ठरवलं. आपल्याकडे दोन्ही प्रकार दुकानात शेजारी-शेजारी असतात, म्हणून पाकीट उलटून घटक वाचा. ‘पास्ता म्हणजे मैदाच’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. तो काही पाकिटांपुरता खरा आहे, सगळ्यांना लागू नाही.

आता क्रीमचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण त्यामागे मलईदारपणा फक्त दुधातच असतो ही समजूत आहे. साय किंवा क्रीम म्हणजे काय, तर पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहिलेली स्निग्धता. ते थेंब एकत्र येऊन तेल वर सुटू नये, म्हणून त्यांना धरून ठेवणारं काहीतरी लागतं. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च नेमकं ते काम करतो. रोमच्या पारंपरिक कार्बोनारातही, म्हणजे अंडं आणि चीज घालून केलेल्या पास्त्यातही, क्रीम नसतं, तिथेसुद्धा पास्त्याचं पाणी वापरतात. म्हणजे मेसेज जे फेकायला सांगतो, त्यावरच हा पदार्थ उभा आहे.

आमच्या तिघांसाठी मी असं करते. ५० ग्रॅम काजू वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवून दीडशे मिलीलिटर पाण्यात अगदी गंधासारखे वाटायचे. पातेल्यात दोन चमचे तेलावर कांदा आणि पाच-सहा लसूण पाकळ्या परतायच्या. त्यात २०० ग्रॅम पेने (नळीसारखा आखूड पास्ता), साधारण ६५० मिलीलिटर पाणी, वाटीभर उकडलेले काबुली चणे आणि पाऊण चमचा मीठ. पाणी फेकायचं नसल्यामुळे सगळं मीठ पोटात जाणार, म्हणून हात आखडता हवा. पहिली दोन-तीन मिनिटं सतत ढवळायचं, कारण पास्ता चिकटतो तो तेव्हाच. पुढे अधूनमधून ढवळत दहा-बारा मिनिटं. तळाशी थोडंच पाणी उरलं की पालक, मग गॅस बारीक करून काजूची पेस्ट. काजूतही स्टार्च असतो, तो तापला की झपाट्याने दाट होतो आणि बुडाला लागतो, म्हणून पेस्ट शेवटीच आणि फक्त दोन मिनिटं. गॅस बंद करून मिरपूड आणि लिंबू.

नारळाचं दूधही चालतं, पण ते खळखळून उकळलं तर फाटतं. काजूची ॲलर्जी असेल तर मगजबी वापरा, मात्र जास्त वेळ भिजवा.

महागाईचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. यातलं काहीही आयात केलेल्या सामानाच्या फडताळावरून येत नाही. वीगन चीज लागत नाही, बदामाचं दूध लागत नाही. काजू वाटायचेच असल्यामुळे तुकडा काजू घेतला तरी तेवढाच चांगला.

निकस म्हणाल, तर हिशोब करू. डुरमच्या १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात साधारण १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे २०० ग्रॅममध्ये २५. काजूंचे ९, वाटीभर चण्यांचे १०-१२. तिघांत वाटले तर प्रत्येकी पंधरा ग्रॅम. एका जेवणाला हे कमी नाही. बी-१२ यातून मिळत नाही, आणि दूध पूर्ण बंद असलेल्या मुलाच्या बी-१२ व कॅल्शियमकडे डॉक्टरांच्या सल्ल्याने लक्ष द्यावंच लागतं. आम्ही देतो. पण ही गरज त्याच्या एकूण आहाराची आहे, त्यासाठी पास्त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

एक अडचण मात्र खरी आहे, मेसेजमध्ये ती नसली तरी. हा पास्ता अर्धा तास ठेवला की घट्ट होतो, कारण स्टार्च पाणी ओढत राहतो. अशा वेळी अर्धी वाटी कढत पाणी घालून मंद आचेवर हलवला की तो पुन्हा सैल होतो. नाहीतर आमच्यासारखं सगळ्यांना आधी ताटावर बसवा आणि मगच काजूची पेस्ट घाला.