उत्तर: "फोल्डर उचलला, टाकला, झालं" याविषयी

नमस्कार,

व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) नव्या कॉम्प्युटरवर कसं न्यावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली आणि आधी तो लेखच पुन्हा उघडून बघितला. चूक माझी आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: लेखात सांगितल्याप्रमाणे यांनी व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमधली चारही मशीनं ओव्हीए करून (म्हणजे 'एक्स्पोर्ट' करून, एकेका फाइलीत बांधून) बाहेर काढली, नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर घालून कॉम्प्युटर उभा केला, मशीनं परत आत घेतली, तर सगळे स्नॅपशॉट (मशीनच्या त्या त्या वेळी जपून ठेवलेल्या अवस्था) गायब. त्यावर त्यांचं म्हणणं, "साधा फोल्डर कॉपी केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही उगाच बाऊ केलात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी फायलीच."

स्नॅपशॉटचं पूर्ण मान्य. एक्स्पोर्ट करताना व्हर्च्युअलबॉक्स मशीनची त्या घडीची अवस्था सपाट करून बांधतं. मागचे टप्पे त्यात येत नाहीत. मी मात्र बेधडक लिहून ठेवलं होतं की "सगळं सोबत येतं". हल्ली मी स्नॅपशॉट फारसे ठेवत नाही, त्यामुळे मला ते कधी नडलं नाही, आणि नडलं नाही म्हणून तपासलंही नाही.

आता तातडीचं. एक्स्पोर्टमुळे मूळ मशीनला धक्का लागत नाही. म्हणजे जुनी डिस्क तुम्ही नुसती काढून ठेवली असेल, तर स्नॅपशॉट अजून तिच्यावर आहेत. ती जोडा, त्या मशीनचा अख्खा फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर आणा आणि मशीन मेनूतल्या 'अ‍ॅड'ने आतली व्हीबॉक्स फाइल (मशीनची सेटिंग असलेली) दाखवा. फक्त आधी आत घेतलेल्या मशीनचं नाव बदलून घ्या, म्हणजे दोघांची गल्लत होणार नाही. डिस्क फॉरमॅट केली असेल आणि ती एसएसडी असेल, तर फारशी आशा नाही. फॉरमॅट करतानाच विंडोज ट्रिमचा, म्हणजे 'ही जागा आता रिकामी समज' असा, हुकूम सोडतं, आणि मग त्या जागेवर जुनं काही आहे असं एसएसडी मानतच नाही. यातलं नेमकं काय केलंत ते प्रतिक्रियेत नाही, म्हणून दोन्ही लिहिलं.

पाच मिनिटांचं सोडून देऊ. १२० जीबीची फाइल यूएसबी २ वरून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास सरकते, म्हणजे तासभर गेला. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल तो घेतही नाही.

पण "शेवटी फायलीच" यावर मला थांबायचं आहे. फायलीच, हे खरं. कोणत्या, आणि त्या सगळ्या त्याच फोल्डरात आहेत का?

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी फोल्डर उघडला तर आत ६० जीबीची एक व्हीडीआय (मशीनची डिस्क म्हणून वापरली जाणारी फाइल), एक चिमुकली व्हीबॉक्स फाइल, 'लॉग्ज' आणि 'स्नॅपशॉट्स'. म्हटलं, डिस्क हाती आली म्हणजे मशीन हाती आलं, बाकीची सेटिंग परत करता येतात. मोठी फाइल तेवढी उचलली आणि कॉम्प्युटर पुसला. नव्या मशीनला ती डिस्क लावली, सुरूही झालं. घड्याळ आजचं, बाकी सगळं आठ महिन्यांपूर्वीचं. पहिला स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते. त्यानंतरचं प्रत्येक अक्षर 'स्नॅपशॉट्स'मधल्या त्या महिरपी कंसातल्या लांबलचक नावांच्या फायलींत लिहिलं जातं. मी कचरा समजून मागे टाकलं तेच माझं आठ महिन्यांचं काम होतं.

तुम्ही अख्खा फोल्डर म्हणताय, ते यापेक्षा बरंच शहाणपणाचं आहे. तरी एकदा ती व्हीबॉक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, साधी एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूर, असते. 'हार्डडिस्क' असलेल्या ओळी शोधा आणि प्रत्येकीतलं 'लोकेशन' वाचा. नुसतं फाइलचं नाव किंवा 'स्नॅपशॉट्स'खालचं नाव असेल तर ठीक. डी ड्राइव्हपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता दिसला, तर ती डिस्क फोल्डराबाहेर नांदते आहे आणि तुमच्या कॉपीत ती येणार नाही. जागा पुरेना म्हणून कधीतरी दुसरी डिस्क भलतीकडे बनवलेली असते, आणि ते आपण साफ विसरलेलो असतो.

मशीन बंद करून कॉपी करा, 'सेव्ह स्टेट'मध्ये झोपवून नको. झोपवलेल्या मशीनची मेमरी जुन्या प्रोसेसरच्या सुविधा गृहीत धरून साठवलेली असते. नव्या प्रोसेसरवर ते उठायला नकार देऊ शकतं, आणि मग ती अवस्था फेकून द्यावी लागते, म्हणजे चालू मशीनची वायर उपटल्यासारखंच. चालू मशीनची कॉपी तर त्याहून वाईट: फाइलचं डोकं दहा वाजताचं आणि शेपूट अकरा वाजताचं.

आणि काही गोष्टी मशीनच्या कुठल्याच फायलीत नसतात. हायपर-व्हीमध्ये (विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर) विंडोज ११ चं मशीन केलं असेल तर त्याला व्हर्च्युअल टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप) दिलेला असतो. त्याची किल्ली मूळ कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये, 'शील्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स' नावाच्या कप्प्यात असते: दोन सर्टिफिकेटं, एक सहीचं, एक एन्क्रिप्शनचं. ती दोन्ही प्रायव्हेट कीसकट बाहेर काढून न ठेवता विंडोज नव्याने टाकलं, तर डिस्क-फाइल शाबूत, सेटिंग शाबूत, आणि मशीन सुरू व्हायला तयार नाही. रीतसर एक्स्पोर्ट केलं तरी ही सर्टिफिकेटं त्यात येत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्सने २०२२ च्या ७.० आवृत्तीत टीपीएम आणला, पण त्याची नोंद मशीनच्या फोल्डरातल्याच एनव्हीरॅम फायलीत (मशीन सुरू होतानाची सेटिंग जपणारी फाइल) राहते, म्हणून तिथे तुमचा नियम चालतो. लिनक्सवर केव्हीएम-लिबव्हर्ट ही तिथली व्हर्च्युअल मशीनची व्यवस्था वापरणाऱ्यांना तर 'तो फोल्डर' असा एक नसतोच. सेटिंगची एक्सएमएल एकीकडे, डिस्क दुसरीकडे, यूईएफआयची (मशीन सुरू करणाऱ्या प्रणालीची) एनव्हीरॅम तिसरीकडे.

तुम्ही बाऊ म्हणालात तो बहुधा लेखातल्या शेवटच्या पायरीला, जुनं पुसण्याआधी कॉपी चालवून बघा या सल्ल्याला. त्यावर मी ठाम आहे. मात्र एक अडचण मी लिहायला विसरलो होतो. त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये मूळ मशीन असताना त्याची जशीच्या तशी कॉपी जोडायला गेलात तर 'या यूयूआयडीची (डिस्कच्या ओळख-क्रमांकाची) डिस्क आधीच आहे' म्हणून ते अडून बसतं. दुसरा कॉम्प्युटर हाताशी असेल तर उत्तम. नसेल तर मूळ मशीन यादीतून काढावं लागतं, आणि तिथे 'रिमूव्ह' दाबल्यावर येणारा प्रश्न नीट वाचा: 'रिमूव्ह ओन्ली' आणि 'डिलीट ऑल फाइल्स' ही दोन बटणं शेजारी असतात.

नव्या बोर्डवर एखादं मशीन सुरूच होत नसेल, तर कॉपीला दोष देण्याआधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) डोकावा. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे अशा मशीनांना लागणारी प्रोसेसरची सोय, तिथे बंद असू शकतं. एएमडीच्या बोर्डांवर ते बऱ्याचदा 'एसव्हीएम मोड' या नावाखाली दडलेलं असतं.

लेखातलं ते वाक्य पुसलेलं नाही, खोडून खाली दुरुस्ती जोडली आहे. ओव्हीएचा सल्ला आता फक्त एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठी ठेवला आहे. जुन्या डिस्कचं काय झालं ते मात्र नक्की कळवा.