भातखाचरं ‘पाणथळ’ ठरवून सरकारजमा होणार नाहीत

‘खाचरात पाणी साचतं, म्हणून जमीन पाणथळ ठरवून सरकार ताब्यात घेणार’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

2017 च्या पाणथळ जागा नियमांच्या व्याख्येतूनच भातशेती वगळलेली आहे. मिठागरं आणि सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा मत्स्यशेतीसाठी मुद्दाम बांधलेले तलावही त्यात नाहीत. म्हणजे सिंचनाचं शेततळंही सुटलं. एखादी जागा पाणथळ असल्याची अधिसूचना निघाली तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. भूसंपादनाचा कायदा वेगळा. (खाडीकाठच्या जमिनींना सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा नियम लागू होतो, तो प्रश्नही निराळा.)

निर्बंध मात्र खरे आहेत. अधिसूचित जागेत भराव टाकता येत नाही. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, बोटीची जेट्टी तेवढी सोडून. उपग्रहाच्या चित्रांवरून 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या पाणथळ जागांची यादी झाली, यावर जमीनमालक चिडलेत आणि ते रास्तच आहे. बांधावर येऊन खातरजमा व्हायलाच हवी.

अंतिम अधिसूचनेआधी मसुद्यावर हरकती मागवाव्या लागतात. तुमचा गट नंबर त्यात दिसला तर लेखी हरकत द्या, सोबत भाताची पीकपाहणी नोंद असलेला सातबारा जोडा आणि पोच घ्या.