पहाटे दोनचा ऐच्छिक सूर्योदय

बालीच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात तिसऱ्या-चौथ्या दिवसाखाली एक ओळ हमखास असते : ‘माउंट बातुर, सूर्योदय दर्शन (ऐच्छिक)’. कंसातला शब्द सोडला तर बाकी ओळ खरी आहे. घरातल्या एकाने ‘हो’ म्हटलं की उरलेल्यांची इच्छा तिथेच संपते, आणि ज्याने ‘हो’ म्हटलेलं असतं तोच पहाटे सगळ्यात शेवटी उठतो.

गाडी उबुदहून निघते पहाटे दोनला. हॉटेल कुता-सेमिन्याकच्या बाजूला असेल तर एक-दीडलाच. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथले दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नुकत्याच आलेल्या मराठी देहाच्या मते ही पहाट नसतेच, कालचीच रात्र असते. ‘आदल्या दिवशी आठला झोपा’ असा सल्ला सगळे देतात. बालीतले आठ म्हणजे आपले साडेपाच. साडेपाचला आपण चहा पितो. म्हणून माझं म्हणणं असं, की हा डोंगर पहिल्या दोन दिवसांतच उरकावा. शरीर बालीच्या वेळेला रुळण्याआधी गेलं तर ते फक्त जागरण ठरतं, आणि जागरणाची आपल्याला सवय आहे. पहाटे उठण्याची नाही.

आता कपडे. बाली म्हटलं की बॅगेत हाफपँट आणि फुलाफुलांचे शर्ट भरले जातात, आणि बातुरच्या माथ्यावर पहाटे दहा ते पंधरा अंश असतात, वर वारा. थंडी चढताना वाजत नाही. ती वर पोचून बसल्यावर, घामाने भिजलेला टी-शर्ट पाठीला चिकटला की सुरू होते. इलाज एकच : प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट न्यायचा, वर पोचल्यावर आधी तो बदलायचा, मग विंडचीटर, मग फोटो. लोक हा क्रम उलटा करतात आणि पुढचा तास कुडकुडत काढतात. माकडटोपी नेलीत तर काम चोख होईल, फक्त माथ्यावर खरी माकडं आहेत आणि ती टक लावून बघतात.

बॅटरी डोक्याला बांधायची हवी. मोबाइलचा टॉर्च चालत नाही, कारण चढावर दोन्ही हात लागतात आणि तोंडात मोबाइल धरून धाप टाकता येत नाही. माणशी दीड लिटर पाणी पुरे. पायांची नखं दोन दिवस आधी कापायची. आदल्या रात्री कापली तर बोटं हुळहुळी राहतात, न कापली तर उतरताना अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळंनिळं होतं आणि पुण्याला परतल्यावर सावकाश गळतं.

स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि ते बरंच आहे. त्याचं नाव बहुधा वायान असतं. बालीत नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात : पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा कतुत, आणि पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरुवात. मुलींनाही हीच नावं चालतात. त्यामुळे अंधारात घाबरून ‘वायान!’ अशी हाक मारली की डोंगरभर दहा-बारा बॅटऱ्या एकदम आपल्याकडे वळतात. ‘ब्ली’, म्हणजे दादा, म्हणावं. तेव्हाही दहाच वळतात, पण निदान नातं जोडलं जातं.

हा ब्ली चढावर सारखा ‘पलान-पलान’ म्हणतो. मराठी कानाला ते ‘पळा ना, पळा ना’ ऐकू येतं आणि माणूस बिचारा जिवाच्या आकांताने पाय उचलतो. त्याचा अर्थ ‘हळू, हळू’ असा आहे. दुसरा शब्द ‘हाती-हाती’. पाट्यांवरही लिहिलेला असतो. आपण हत्ती शोधत बसतो आणि तेवढ्यात पाय घसरतो, कारण त्याचा अर्थ ‘जपून’.

बातुरची उंची १७१७ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. आकडा वाचून सह्याद्रीत फिरलेली मंडळी मिशीला पीळ देतात : अरे, एकाहत्तर मीटरच तर जास्त! शिवाय पायथ्याचं बातुर तळंच १०३१ मीटरवर आहे, म्हणजे प्रत्यक्ष चढ सातशे मीटरच्या आत. दोन तासांचं काम. हिशेब बिनचूक आहे, फक्त डोंगर वेगळा आहे. सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होऊन कातळ झाला. वयस्कर माणसासारखा तो आता जागचा हलत नाही. बातुर हा जिवंत ज्वालामुखी, २००० सालापर्यंत अधूनमधून उफाळत होता. त्याच्या वरच्या अंगावर कातळ थोडा आणि घसारा फार. लाव्हा हवेत उडताना आतला वायू सुटतो, त्याचे बुडबुडे तसेच राहून दगड थिजतात. हे जाळीदार, हलके खडे एकमेकांना घट्ट धरत नाहीत. त्यावर पाय दिला की ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. त्या हिशेबाने सातशे मीटरचे किती होतात ते ज्याने त्याने अंधारात मोजावं.

पहिला अर्धा-पाऊण तास फसवा असतो. कांदा, टोमॅटो, कोबीच्या शेतांमधून वाट जाते, राखेच्या मातीत पिकं झकास येतात, आणि आपण ‘एवढंच?’ म्हणून गप्पा मारतो. गप्पा थांबल्या की चढ सुरू झाला असं समजावं. तिथून पाऊल अर्धं करायचं. बुटाचा पुढचा भाग घसाऱ्यात रुतवायचा, क्षणभर भार देऊन बघायचा, मग दुसरा पाय उचलायचा. वाटेच्या मधोमध हजारो पायांनी भुगा केलेला असतो, म्हणून कडेच्या मोठ्या दगडांवरून किंवा गवताच्या बाजूने चालायचं. पुढच्या माणसाच्या थेट खाली राहायचं नाही. तो जे पाडेल ते आपल्याकडेच येणार, आणि बऱ्याचदा तोच येतो. पँट बुटाच्या बाहेरून सोडली तर खडे कमी शिरतात. आत खोचली तर बूट म्हणजे खडे गोळा करण्याचं भांडं.

माथ्यावर पोचल्यावर पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे आपल्याआधी पोचलेले तीन-चारशे लोक. दुसरी, ढग. एप्रिल ते ऑक्टोबर आभाळ बहुतेक मोकळं असतं. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, आणि आपली नाताळची सुट्टी नेमकी त्यात येते. आभाळ मोकळं असेल तर मात्र दृश्याला तोड नाही. खाली चंद्रकोरीसारखं तळं, पलीकडे आबांग डोंगर, मागे आगुंग ज्वालामुखी, आणि दूर समुद्रापार लोम्बोक बेटावरच्या रिंजानी पर्वताचं टोक. आपण उभे असतो ते एका प्रचंड जुन्या खळग्याच्या मध्यात. सुमारे तेरा बाय दहा किलोमीटरचा हा कढईसारखा खळगा जुना ज्वालामुखी स्वतःतच खचून तयार झाला. बातुर म्हणजे त्या कढईत उठलेला फोड. १९२६ साली याच फोडाने तळातलं बातुर गाव देवळासकट गिळलं. गावकऱ्यांनी देऊळ वर कढईच्या काठावर नेलं, गावही नेलं, आणि गावाचं नाव तेच ठेवलं. आपल्याकडे धरणात गाव बुडालं तरी लोक हेच करतात.

एक बारीक अडचण राहते : बातुरवर चढलेल्याला बातुर सोडून सगळं दिसतं. गुडघे कुरकुरत असतील तर कढईच्या काठावर जीपने नेणारे भेटतात. तिथून समोर अख्खा बातुर, पायाशी धुकं, हातात चहा. उठावं लवकरच लागतं, पण बसून. साठीपुढच्यांना मी बेधडक जीप सांगेन. चाळिशीच्यांनाही सांगितलं असतं, पण ते ऐकत नाहीत.

मग न्याहारी. वाटाड्या पिशवीतून अंडी काढतो, दगडांतल्या फटीत ठेवतो, झाकतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत ती उकडून येतात. पावसाचं मुरलेलं पाणी आतल्या तापलेल्या खडकापर्यंत जातं आणि वाफ होऊन वर येतं. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे घाईने काढलेलं अंडं मधे कच्चं निघतं. फटीवर हात धरून ‘बघू किती गरम आहे’ हा प्रयोग करू नये. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट, आणि गार पाण्याचा नळ पार खाली. शाकाहाऱ्यांसाठी पावाच्या दोन कापांत केळं दाबून दिलेलं सँडविच असतं. केळ्याचं शिकरण आपण करतो, त्याचं सँडविच करावं हे आपल्याला कधी सुचलं नाही, आणि खाल्ल्यावर का सुचलं नाही तेही कळतं. माकडांना मात्र ते फार आवडतं. पुडी उघडून निसर्ग बघत उभं राहिलं तर पुडी त्यांची. गोड बोलून परत मिळत नाही.

उतरण्याबद्दल कुणी आधी बोलत नाही, आणि खरी कसोटी तिथेच असते. निघण्याआधी बुटाची नाडी सोडून, टाच मागे ठोकून, घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधायची, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. घसाऱ्यावर टाच आधी रोवायची, गुडघे किंचित वाकलेले, अंग किंचित पुढे. भीतीने मागे रेललं की दोन्ही पाय एकदम सुटतात आणि माणूस बसतो. काही जण मग बसूनच उतरायचं ठरवतात. हे खडे काचेसारखे धारदार असतात. पँट किती टिकते याचा अंदाज खाली पोचल्यावर मागून येणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून येतो.

खाली तळ्याकाठी तोया बुंकाहला गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरीचं कुंड माहीत असणाऱ्याला समजावून सांगायला नको. सकाळी साडेनऊला त्या पाण्यात उतरलेला माणूस त्या दिवशी पुन्हा कामाला येत नाही. सूचना एकच : चांदी काढून ठेवा. पाण्यात गंधक असलं की चांदी काळी पडते, आणि जोडवी पायातच राहतात हे ध्यानात येतं ते रात्री. घाबरू नये. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल घालून वर गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा टाकावा, जोडवी फॉइलला टेकवून पाच-दहा मिनिटं ठेवावीत. काळेपणा जातो. मोत्यांचं काही मात्र त्यात बुडवू नये.

जेवणाचं वेगळंच दुखणं. ‘व्हेज’ म्हटलं की तिकडे मांसाचे तुकडे बाजूला काढतात, एवढंच. खरी गोम तरासीत आहे. तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. ती मिरचीच्या सांबालमध्ये, म्हणजे चटणीत असते, नासी गोरेंगच्या, म्हणजे परतलेल्या भाताच्या वाटणात असते, कधीकधी गादो-गादो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या रश्शातही असते, आणि कुरकुरीत पापड म्हणून जे आनंदाने खातो ते बऱ्याचदा कोळंबीचेच. शाकाहाऱ्याला तरास देते ती तरासी, असं पाठ करावं. ‘तान्पा तरासी, तान्पा उदांग, तान्पा इकान’ : तरासी नको, कोळंबी नको, मासा नको. तिन्ही म्हणायचं. एक गाळलं की तेच येतं. तेम्पे आणि ताहू, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि टोफू, हे भरवशाचे. मालवणी मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यांना तरासीत घरचा वास येईल.

एक दिवस समुद्राला द्यावा, पण काळ्या वाळूच्या. ती दुपारी तव्यासारखी तापते, चपला पाण्याच्या रेषेपर्यंत नेऊनच काढायच्या. ईशान्येला तुलाम्बेनला तर वाळूही नाही, गोटेच. तिथे १९४२ साली जपानी पाणबुडीने फोडलेलं एक अमेरिकी मालवाहू जहाज किनाऱ्याला आणून टेकवलं होतं. एकवीस वर्षं ते तसंच पडून होतं. १९६३ साली आगुंगचा स्फोट झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज पुन्हा पाण्यात ढकललं. आता ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, वरचा भाग इतका उथळ की नुसत्या स्नॉर्केलनेही दिसतो. गोट्यांवर अनवाणी जाऊ नये, रबरी बूट घालावेत, आणि लाट ओसरताना बसत-बसत पाण्यात शिरावं. ताठ चालत जाणाऱ्याला पुढची लाट बसवतेच.

पैशांचा हिशेब तिथल्या रुपियाच्या लाखांना घाबरून चुकतो. विमानतळावरचा व्हिसा माणशी पाच लाख, पर्यटक कर दीड लाख. चौघांचे सव्वीस लाख ऐकून बाबांचा चेहरा पडतो. लाखाला आपले पाचशेच्या आगेमागे धरा, म्हणजे रंग परत येतो.

शेवटचा खर्च विम्याचा, आणि तो निघण्याआधीच करायचा. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, दगड आणि काचेचा भुगा. विमानाच्या इंजिनात तो वितळतो आणि आतल्या पात्यांवर पुन्हा थिजून बसतो, म्हणून राख दिसली की विमानं जमिनीवर. २०१७च्या नोव्हेंबरात आगुंगने बालीचा विमानतळ बंद पाडला. २०२४च्या नोव्हेंबरात दूर फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबीने बालीची उड्डाणं रद्द करायला लावली. लेवोटोबीची दोन शिखरं शेजारी शेजारी आहेत, एक लाकी-लाकी म्हणजे पुरुष, दुसरं पेरेम्पुआन म्हणजे बाई. धूर काढत होतं ते लाकी-लाकी. यावर घराघरांत पुरेसं बोलून होतं, मी भर घालत नाही. ज्वालामुखीच्या इशाऱ्याच्या पायऱ्या चार, खालून वर : नॉर्माल, वास्पादा, सियागा, आवास. पायरी वर सरकल्याची बातमी आल्यावर घेतलेला विमा बहुतेक वेळा त्या राखेसाठी चालत नाही. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवण्यातला प्रकार. औषधं दोन दिवसांची जास्त, आणि तीही हातातल्या पिशवीत.

उड्डाण रद्द झालं की एक दिवस फुकट पदरात पडतो. पाय सुजलेले, नख काळं, मोज्यांतली राख दोन धुण्यांत न गेलेली. खोलीत पडून राहावं असं सगळ्यांच्या मनात असतं, आणि तेवढ्यात सहलीचा माणूस दार वाजवून नवा कागद देतो : ‘लोविना, डॉल्फिन दर्शन. प्रस्थान पहाटे ३. (ऐच्छिक)’.

घरातला एक जण ‘हो’ म्हणतो.